एका माणसाचं एकच पान

सोमवार, २ नोव्हेंबर २००९

नवी नोकरी, म्हणून नवी वही. नवी म्हणजे दादाला त्याच्या कंपनीतून मिळालेली गेल्या वर्षीची डायरी. तारखा खोड आणि वापर, कागद काही शिळा होत नाही, असं म्हणून त्याने ती माझ्या हातात ठेवली. बहिणीला पहिल्या नोकरीची भेट म्हणून जुनी डायरी देणारा माणूस अख्ख्या उल्हासनगरात एकच असेल, राजेश हरिचंद्र जाधव.

सकाळी सोडायलाही तोच आला. मी वेणी घालत होते तोवर हा बाहेर मोटारसायकल काढून तयार, आणि खिडकीच्या गजांवर किल्ली वाजवणं सुरू. टण टण, मग थांबून एक टण. "ए पोपटराव, आटप." मी फार बोलते म्हणून मी पोपटराव. बाबा गेल्यापासून त्यांच्या वाटचं ओरडणंही तोच ओरडतो, पण माझी एमसीएची फीसुद्धा त्यानेच भरली, म्हणून ऐकून घेते.

ऑफिस आनंदनगर एमआयडीसीत, एका गाळ्याच्या माडीवर आहे. खाली प्लॅस्टिकच्या बादल्या बनतात, त्यामुळे टेबल दिवसभर थरथरतं आणि चहा ढवळावा लागत नाही. आमच्या प्रमुख वृंदा मॅडम, पन्नाशीच्या, बोलणं मोजकं. काम दादा नोकरीला आहे त्याच रंगाच्या कारखान्याचं आहे. तिथल्या सूचना, नियम, कामगारांची माहिती, सगळं एका कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिममध्ये आणायचं. एकाने लिहायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं, आणि मंजूर झालं की गेटवर, कँटीनमध्ये, पगाराच्या खिडकीवर सगळीकडे तेच दिसायचं. आणि हे सगळं आमच्या खोलीतल्या सर्व्हरवर नाही, क्लाउडवर, म्हणजे परदेशातल्या भाड्याच्या कॉम्प्युटरांवर. वृंदा मॅडमनी पहिल्याच दिवशी पाठ करून घेतलं: एका माणसाचं एकच पान. पानावर असेल ते खरं, बाकी कुठे काही लिहिलेलं असेल ते विसरायचं.

आईला रात्री जेवताना समजावलं. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, त्या भाड्याच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते? दादा हसून हसून ठसक्याने लाल झाला.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

कारखान्याच्या गेटवर कंत्राटी कामगारांचे फोटो काढायचं काम माझ्याकडे. स्टूल, मागे पांढरी चादर, आणि नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख विचारायची. दुपारपर्यंत माझी करमणूक झाली. आदिवासी वाड्यांवरून आलेल्या जवळजवळ सगळ्यांचा जन्म एक जूनचा. गुरुजी पोराला शाळेत घालून घेताना एक जून लिहून मोकळे व्हायचे. मला हसायचा काही अधिकार नाही, आमच्या दादाचाही एक जूनच. तो गावी जन्मला, आई म्हणते तेव्हा भाताची कापणी चालू होती. म्हणून आम्ही त्याचा वाढदिवस जूनमध्येही करत नाही आणि कापणीतही नाही.

दोन देऊ आले. दोघेही देऊ सोमा मेंगाळ, दोघांचा एक जून, आणि वर्षही तेच. एक चामटोलीच्या वरच्या वाडीचा, उंच, डावखुरा, अंगठ्याचं टोक मशीनने नेलेलं, तोंडातून शब्द काढायला तयार नाही. दुसरा बारवी धरणाच्या अंगाचा, बुटका, कानात बाळी, सारखा हसणारा. त्याला म्हटलं, तुमच्या दोघांत मी घोटाळा करणार. तो म्हणाला, "आमच्यात नावं थोडी आन् मानसं लय, ताई. कोनी हाक मारली का दोगं बी वळून बगतो." उंच देऊनेही तेव्हा जरासं ओठ हलवले. दोघं एकाच डब्यातून जेवायला बसले.

बुधवार, ११ नोव्हेंबर

आज वृंदा मॅडमनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. कारखान्याच्या जुन्या माहितीत एकेका माणसाची दोन-दोन तीन-तीन पानं आहेत. कोणी जुन्या खात्यात, कोणी नव्या. हाताने निवडत बसलो तर वर्ष जाईल, म्हणून मी एक नियम लिहून दिला. नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख जुळली की तो एकच माणूस. जुनं पान नव्यात मिसळायचं, दोन्हींकडची माहिती राखायची, आणि पान एकच ठेवायचं. मॅडमनी तपासला आणि तिथल्या तिथे मंजूर केला.

घरी पेढे नेले. दादाने चार खाल्ले आणि विचारलं की नियम म्हणजे नेमकं काय केलंस. मी सांगितलं. तो म्हणाला, पोपटराव, तू शिकलीस ते वाया नाही गेलं. त्याला असं काही बोलायची सवय नाही, त्यामुळे लगेच क्रिकेटवर गेला. मला फार बरं वाटलं.

सोमवार, १६ नोव्हेंबर

कंत्राटी कामगारांची सगळी पानं शनिवारी क्लाउडवर चढली. आज पास वाटले. काही अडचण नाही.

देऊ मेंगाळही पास न्यायला आला होता. उंच माणूस, अंगठ्याचं टोक गेलेलं, कानात बाळी. खूप हसतो, पण हसता हसता मध्येच थांबतो आणि शेजारी बघतो. शेजारी कोणी नव्हतं. सही करताना त्याने पेन आधी डाव्या हातात घेतलं, मग उजव्या हातात, मग परत डाव्या. आम्ही बाकीचे हसलो. जेवायच्या सुट्टीत तो एकटाच डबा उघडून बसला होता आणि दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहिल्यासारखा जेवत नव्हता.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

ऑफिसात पहिल्या पगाराची तारीख कोणी सांगितली होती ती बघायला मागची पानं चाळली. पाच तारखेचं वाचलं आणि परत पहिल्या ओळीपासून वाचलं.

मी दोन देऊ लिहिले आहेत. अक्षर माझं आहे. शाईही तीच. पण मला दोन माणसं आठवत नाहीत. मला एकच देऊ आठवतो, उंच, बाळीवाला, हसरा. मी डोळे मिटून ते स्टूल, ती चादर आठवून पाहिली. एकच माणूस. त्याने सांगितलेलं नावांचं वाक्यही आठवतं, पण ते तो स्टुलावर बसून एकट्यानेच बोलला होता असं आठवतं.

कॅमेऱ्यातले फोटो काढून पाहिले. देऊचा एक फोटो आहे. त्याच्या पुढच्या फोटोत नुसतं स्टूल आणि पांढरी चादर. मी रिकाम्या स्टुलाचा फोटो का काढेन? सोनियाला विचारलं, ती माझ्या शेजारी बसते, त्या दिवशी गेटवर माझ्यासोबत होती. ती म्हणाली, एकच तो देऊ, दोन कशाला असतील, आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

देऊला गाठलं. त्याला काय विचारावं तेच कळेना. शेवटी विचारलं, घरी सगळं ठीक ना. तो हो म्हणाला आणि लगेच नाही म्हणाला. मग बोलायला लागला. काम सुटलं की तो वरच्या वाडीला जातो, बायको ताट वाढते, तो जेवतो. जेवून झालं की पाय आपोआप बारवीच्या वाटेला लागतात. तिथेही एक बाई ताट वाढून बसलेली असते. तिथलं पोर त्याला बाबा म्हणतं. दोन्हीकडे कोणालाच काही वावगं वाटत नाही. "दोन्ही घरं माजीच हायेत, ताई. पर मी एवडा नव्हतो. आता पोटात कोनतरी बसल्यावानी वाटतं. झोपलो का त्यो जागा अस्तो."

एवढं बोलून तो हसला, बाळी हलली, आणि हसणं अर्ध्यावर तुटलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं. माझा नियम. मी लिहिलेला.

सोमवार, २३ नोव्हेंबर

मॅडमना सगळं सांगितलं. डायरीही दाखवली. त्यांनी वाचली, मिटली, आणि आईसारख्या आवाजात म्हणाल्या की पहिल्या नोकरीत ताण येतो, दोन दिवस घरी राहा. मग, जायच्या आधी, नेहमीचंच वाक्य. एका माणसाचं एकच पान. पानावर एक देऊ आहे ना? मग एकच आहे.

महिनाअखेरीस कायम कामगारांची पानं चढणार. मी ती आधीच उघडली. नियम कोणाकोणाला जुळवणार ते दिसतं.

राजेश हरिचंद्र जाधव. एक जून. पॅकिंग खातं. आमचा दादा.

राजेश हरिचंद्र जाधव. एक जून, वर्षही तेच. दुसरा प्लांट. राहणार बदलापूर. याचं पान नवं आहे.

म्हणजे जुनं आमचं. मिसळणार ते आमचं.

बुधवार, २५ नोव्हेंबर

नियम काढून टाकला. जेवून आले तर परत जागेवर. पुन्हा काढला, पुन्हा आला. भाड्याच्या सर्व्हरवाल्यांना लिहिलं. त्यांचं उत्तर नम्र आहे. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीच्या अनेक प्रती असतात, एखादी बिघडली तर बाकीच्या तिला दुरुस्त करतात, तुमचा नियम सुरक्षित आहे, काळजी नसावी.

मग दादाच्या पानावर जन्मतारीख बदलली. आईला विचारून कापणीच्या दिवसांतली एक लिहिली. बदल मंजुरीला गेला आणि तासाभरात परत आला. पुरावा जोडा. पुरावा म्हणजे शाळेचा दाखला, आणि दाखल्यावर एक जून. आई म्हणते, मी जन्म दिला, मी सांगते ना. आईचं सांगणं जोडायला तिथे जागा नाही.

पान काढून टाकायचं म्हटलं तर तेही जमत नाही. कामावर असलेल्या माणसाचं पान काढता येत नाही.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर

ऑफिसातला जुना सर्व्हर भंगारात गेला होता, त्यात तरी सगळ्यांची वेगळी पानं असतील म्हणून उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये एका सिंधी भंगारवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "अरे बेटा, वो तो कब का तोड़ दिया, पत्रा अलग, तांबा अलग." वर मला चहा पाजला.

तिथून बदलापूर. दुसरा राजेश जाधव घरी होता. जाडसा, दाढीवाला, मान जरा तिरकी धरून बोलणारा. मी कंपनीचं काम आहे म्हणाले. त्याची मुलगी प्रीती, पहिलीत असेल, तिने मला न विचारताच सगळी बाराखडी म्हणून दाखवली, आणि तो तिच्याकडे बघत होता. दादा माझ्याकडे तसंच बघायचा, माझ्या निकालाच्या दिवशी.

नियम काढता येत नाही, पण उलटा करता येईल असं वाटतं. नव्याच्या जागी जुनं पान राखायचं. एक शब्द बदलायचा. मग आमचा दादा राहील, आणि हा माणूस त्याच्या पोटात—

बोट ठेवलं होतं त्या शब्दावर. नाही जमलं. ती पोरगी बाराखडीत ळ विसरली होती, नंतर धावत येऊन सांगून गेली.

रविवार, २९ नोव्हेंबर

दादाला सांगितलं. आधी हसला. मग मी रडायला लागले तेव्हा हसायचं थांबला. डायरी वाचली. देऊला तो ओळखतो, कँटीनमध्ये बघितलंय म्हणाला, हल्ली तो दोन माणसांचं जेवतो.

विश्वास बसला की माझी दया आली, माहीत नाही. पण म्हणाला, उद्या सकाळी राजीनामा देतो. राजीनामा दिला की पान बंद, आणि पान बंद झालं की मिसळायला काही उरत नाही, बरोबर ना? बरोबर, मी म्हटलं. दुसरी नोकरी मिळेपर्यंत तुझ्या पगारावर मजा करतो, पोपटराव. आणि सहा तारखेला चैत्यभूमीला दरवर्षीसारखं मीच घेऊन जाणार, दोघी सकाळी तयार राहा, मला गजांवर किल्ली बडवायला लावू नका.

आज खूप दिवसांनी जेवले.

मंगळवार, १ डिसेंबर

काम आटोपलं. कायम कामगारांची पानं काल चढली. मॅडम खूश आहेत.

काल एक गंमत झाली. कोणा राजेश हरिचंद्र जाधवचा राजीनामा आला होता, पण सिस्टिमने दाखवलं की त्याच माणसाचं दुसऱ्या प्लांटला चालू पान आहे. नियमाप्रमाणे दोन्ही जोडली गेली आणि राजीनामा आपोआप रद्द झाला. मॅडम म्हणाल्या, बघा, नियम किती हुशार आहे. मलाही बरं वाटलं.

संध्याकाळी रिक्षाने घरी आले. सकाळीही रिक्षानेच गेले. खर्च फार होतो. आईने सवयीने तीन ताटं मांडली. बाबा जाऊन इतकी वर्षं झाली तरी तिचा हात तीनवरच जातो. मी एक उचलून ठेवलं. दाराशी पुरुषाच्या चपला आहेत, कोणाच्या विचारायला हवं.

गेले काही दिवस मी इतकी का घाबरले होते ते आठवत नाही. बहुतेक ताण.

शुक्रवार, ४ डिसेंबर

वाचली. पहिल्या पानापासून.

दादा कोण?

मला भाऊ नाही. मी एकुलती एक आहे. माझी फी बाबांच्या पैशातून— नाही, बाबा तर आधीच गेले होते. मग कोणी भरली?

दादा. अक्षर माझं. मी त्याच्यावर चिडते, त्याला चिडवते, त्याच्यासाठी रडते. प्रत्येक पानावर तो आहे आणि मला त्याचा चेहरा दिसत नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, असं काय करतेस, तुझा दादा बदलापूरला राहतो ना, मुलगी आहे त्याला.

आई किती सहज म्हणाली.

मग मला का नाही आठवत? की मलाही येणार आठवायला, हळूहळू, त्या दाढीवाल्या—

मी आठवणार नाही. ही वही क्लाउडवर नाही. यात तो अजून आहे. पेढे चार खाल्ले. ठसका लागला. टण टण, मग थांबून एक टण. रोज वाचायची. रोज.

रविवार, ६ डिसेंबर

सकाळ. आई पांढरी साडी नेसून बसली आहे. डबे बांधलेत. चार. मी विचारलं, चार कोणाचे? ती म्हणाली, येईलच आता.

मी वही धरून बसले आहे. पहिलं पान पुन्हा वाचते आहे. उल्हासनगरात एकच असेल, असं मी लिहिलं होतं.

बाहेर मोटारसायकल थांबली.

कोणीतरी लहान पोर बाराखडी म्हणतंय.

गजांवर किल्ली. टण टण. मग थांबून—

सावली पडद्यावर. जाड आहे. मान तिरकी. हा तो नाही. पण आवाज, आवाज मला पाठ आहे, चेहरा नसला तरी आवाज—

"ए पोपटराव. आटप."

हे नाव फक्त वहीत आहे. आणि त्याच्यात. तो आहे, आत कुठेतरी आहे, जागा आहे. आणि पुन्हा तोच आवाज, पण बारीक, अगदी आतून, जेवढं मलाच ऐकू यावं: पोपटराव, मला इथून बाहेर—

आई उठली. कडी काढते आहे. तिला थांबवू, की मीच धावत जाऊन त्याला—